गावात सामाजिक सभागृह बांधायचंय? आधी ठराव आणि जागेचा कागद नीट करा

सभागृहाचा प्रस्ताव पंचायत समितीतून परत आला की गावात एकच बोलणं होतं, "वरून निधीच नाही." आसपासच्या गावांना असे प्रस्ताव तयार करायला मी बरीच वर्षं मदत करतोय. परत आलेली फाईल उघडली की निधीचा शेरा क्वचित दिसतो. शेरा असतो जागेवर, नाहीतर ठरावावर. या दोन्ही गोष्टी गावातच दुरुस्त होण्यासारख्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहितो.

सगळ्यात आधी, आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवा. ग्रामपंचायतीला बसायला स्वतःची इमारत नसेल, तर त्यासाठी 2018 साली सुरू झालेली बाळासाहेब ठाकरे स्मृती मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना आहे. त्यातली रक्कम लोकसंख्येवर ठरते आणि नंतरच्या शासन निर्णयांनी ती बदलली आहे, त्यामुळे कुणाच्या तरी मोबाईलमधला जुना जीआर धरून अंदाजपत्रक करू नका. लग्नकार्य, बैठका, बचत गटाच्या सभा यांसाठी जागा हवी असेल, तर ते सामाजिक सभागृह. त्याचे रस्ते वेगळे: ग्रामविकास विभागाचं 2515 हे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचं खातं (सगळे त्याला "पंचवीस-पंधरा" म्हणतात), आमदार निधी, खासदार निधी. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी वस्ती विकास योजनेतून समाजमंदिर घेता येतं. वित्त आयोगाच्या पैशावर मात्र फार विसंबू नका. 15 व्या वित्त आयोगात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांत गटार, दिवे, अंगणवाडी बघून सभागृहाला किती उरतं, याचा हिशेब ग्रामसभेतच मांडा.

खासदार निधीतून धार्मिक स्थळाच्या आवारात काम घेता येत नाही. "देवळासमोरच बांधू, सगळ्यांना सोयीचं" हा विचार गावाच्या दृष्टीने बरोबर असेल, पण तिथे प्रस्ताव अडतो. वास्तूला कुणा व्यक्तीचं नाव द्यायलाही त्या निधीत परवानगी नाही.

अर्जदार ग्रामपंचायतच असते. तरुण मंडळ, भजनी मंडळ किंवा बचत गटाने मागणीचं पत्र जरूर द्यावं, पण ते ग्रामपंचायतीला द्यावं.

आता ठराव. मासिक सभेचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फाईलला हटकून मासिक सभेचाच जोडलेला सापडतो. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. चारशे मतदारांच्या गावात साठ माणसं लागतात, बाराशेच्या गावात शंभर पुरतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, पण तिच्यात मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय चालतात. "आयत्या वेळचे विषय" म्हणून सभागृह घुसवलं की तक्रारीला जागा राहते. म्हणून सात दिवस आधी निघणाऱ्या नोटिशीतच विषय लिहून घ्या. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू नका. स्वयंपाकाची जागा, नळ, स्वच्छतागृह कुठे हवं हे तिथेच कळतं, आणि ते नकाशात आधी आलं नाही तर नंतर येत नाही. पेसा क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, तर विकासकामाला आधी ग्रामसभेची मान्यता हवीच, आणि पाड्याची ग्रामसभा स्वतंत्र घोषित झाली असेल तर ती सभा वेगळी घ्यावी लागते.

संध्याकाळी घरोघर वही फिरवून सह्या घ्यायची पद्धत कृपा करून सोडा. एका गावात ठरावाच्या तारखेला मुंबईत कामावर असलेल्या माणसाची सही वहीत निघाली. विरोधकांनी तेवढंच धरलं आणि प्रस्ताव वर्षभर पडून राहिला. सभागृह सगळ्यांनाच हवं होतं, विरोध करणाऱ्यांनाही.

ठरावाची भाषा मोघम नको. "गावात समाजमंदिर बांधण्यास मंजुरी" एवढ्यावर काही होत नाही. गट क्रमांक किंवा मिळकत क्रमांक, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, चतुःसीमा, कामाचं नाव, सूचक, अनुमोदक, आणि पुढची देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करेल हे वाक्य, एवढं सगळं एकाच ठरावात हवं. कामाचं नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. ठरावात "समाजमंदिर", अंदाजपत्रकात "सामाजिक सभागृह" आणि दाखल्यावर "सांस्कृतिक भवन" असलेली फाईल मी पाहिली आहे. टेबलावरच्या माणसाला ती तीन कामं वाटली. एक फोन केला असता तर कळलं असतं, पण तो फोन झाला नाही आणि फाईल सहा महिन्यांनी परत आली. कामाचं नाव ग्रामपंचायत विकास आराखड्यात, म्हणजे जीपीडीपीत, आहे का तेही तपासा.

जागेचा कागद हा सगळ्यात मोठा अडथळा. इथे लोक दोन उताऱ्यांत गोंधळतात. 8-अ हा महसूल खात्याचा खातेउतारा. नमुना 8 हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा. मागितलेला असतो नमुना 8, लोक आणतात 8-अ. आणि नमुना 8 आकारणी दाखवतो, एकट्याने मालकी सिद्ध करत नाही. गावठाणातल्या जागेसाठी, 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका काढा. त्यावर ग्रामपंचायतीचं नाव आहे की शासनाचं, ते वाचा.

गायरान "आपलंच आहे" असं सगळे म्हणतात. ते शासनाचं असतं, ग्रामपंचायतीकडे फक्त गुरचरणीसाठी सोपवलेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर शासनाने यात हात आखडते घेतले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाशिवाय तिथे पाया खणू नका.

मग येतो दानशूर शेतकरी. "माझ्या रस्त्याकडेचे दोन गुंठे घ्या," असं तो भर सभेत म्हणतो, टाळ्या पडतात, आणि शंभर-पाचशेच्या स्टँपवर संमतीपत्र लिहून होतं. त्या कागदाने जमीन ग्रामपंचायतीची होत नाही. ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं, त्यानंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागावं लागतं. एका ठिकाणी सातबारा उघडला तर त्यावर अजून आजोबांचंच नाव. वारसनोंद केली तेव्हा पाच नावं लागली, त्यांत दोन बहिणी सासरी. धाकटीने विचारलं, "मला कुणी विचारलं का?" तिचं बरोबर होतं. भावाने घरी जाऊन तिला सगळं सांगितलं, मग तिने आनंदाने सही केली. पण तोवर मार्च उलटला होता.

दस्ताआधी तीन गोष्टी बघा: सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 आहे का (असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी), जमीन आदिवासी खातेदाराची आहे का, आणि एवढा छोटा तुकडा नोंदवताना तुकडेबंदीचा कायदा आड येतो का. हे दुय्यम निबंधक कार्यालयात आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे, आधी विचारा.

जुनी पडकी चावडी पाडून तिथेच बांधायचं असेल तर निर्लेखन, म्हणजे जुनी इमारत दप्तरातून कमी करायची मंजुरी, लागतं. हा कागद कुणाकडेच नसतो. अभियंत्याने इमारत वापरायोग्य नसल्याचा अहवाल द्यायचा, मग सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, मग पाडकाम. उत्साहाच्या भरात आधी जेसीबी लावलेली गावं नंतर जुन्या इमारतीच्या फोटोसाठी धावतात.

बाकीचं सरळ आहे. शाखा अभियंत्याकडून चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक आणि नकाशा, जागेचा जिओ टॅग फोटो, हेच काम दुसऱ्या योजनेतून घेतलं नसल्याचा दाखला, लोकप्रतिनिधीच्या निधीसाठी त्यांचं शिफारस पत्र. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काळ्या मातीची जमीन असेल तर अभियंत्याला प्रत्यक्ष खड्डा घेऊन दाखवा. नेहमीच्या पायाचं अंदाजपत्रक तिथे कमी पडतं आणि भिंती उभ्या राहून छत राहिलेली सभागृहं त्यामुळेच दिसतात.

31 मार्च ही प्रस्ताव द्यायची तारीख नव्हे. त्या दिवशी आर्थिक वर्ष संपतं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला तर दिवाळीपर्यंत फाईल पुरी होते. 26 जानेवारीला ठराव करणाऱ्यांचा प्रस्ताव बहुतेक पुढच्या वर्षावर जातो. मध्ये आचारसंहिता लागली तर नवीन मंजुऱ्या थांबतात, तो काळही धरून चाला.

प्रस्ताव देताना प्रत्येक पानाची छायाप्रत ठेवा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. "बघतो, ठेवून जा" म्हणतील. शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका. महिन्याने विचारायला जाल तेव्हा तुमच्या हातात तो क्रमांकच असतो.