घनावस्था भौतिकी आणि संघनित द्रव्य भौतिकी

घन पदार्थांची अंतर्गत रचना आणि त्यांचे विद्युतीय, चुंबकीय, औष्णिक, प्रकाशीय व यांत्रिक गुणधर्म यांचा अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरून उलगडा करणाऱ्या शाखेस घनावस्था भौतिकी म्हणतात. घनांबरोबरच द्रवांचाही विचार करणाऱ्या संघनित द्रव्य भौतिकी या अधिक व्यापक शाखेचा हा सर्वांत मोठा भाग होय.

म्युनिक येथे १९१२ साली माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवण्यात आले, त्यांचे विवर्तन (ठरावीक दिशांना विखुरणे) झालेले दिसले आणि स्फटिकातील अणू ठरावीक अंतराने मांडलेले असतात याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. अणूंच्या या नियमित मांडणीतून, म्हणजेच जालकातून, इलेक्ट्रॉनचा तरंग कसा जातो हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दाखवले. त्याच आधारावर १९३१ मध्ये अ‍ॅलन विल्सन यांनी संवाहक, निरोधक आणि अर्धसंवाहक यांतील भेद ऊर्जापट्टांच्या (इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्यांच्या) साहाय्याने स्पष्ट केला. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत तयार झालेला ट्रान्झिस्टर याच सिद्धांताच्या पायावर उभा आहे.

मात्र या शाखेची उपपत्ती घनपणापाशी थांबत नाही. धातूतील इलेक्ट्रॉनांनाच लेव्ह लांडाऊ यांनी १९५६ मध्ये एक प्रकारचा द्रव मानले, आणि तोच सिद्धांत द्रवरूप हीलियम-३ लाही (हीलियमच्या हलक्या समस्थानिकालाही) लागू पडला. पुढे बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी अतिसंवाहकतेसाठी (रोधाविना होणाऱ्या विद्युतवहनासाठी) १९५७ मध्ये मांडलेली इलेक्ट्रॉन-जोड्यांची कल्पना विस्ताराने याच हीलियम-३ च्या १९७२ मध्ये आढळलेल्या अतिप्रवाही (घर्षणाविना वाहणाऱ्या) अवस्थेलाही उपयोगी ठरली. फरक एवढाच की, येथे जोड्या अख्ख्या अणूंच्या असतात. जिथे जालकच नाही अशा द्रवाला घनावस्थेच्या सदरात बसवणे मग ओढूनताणून केल्यासारखे होते. असंख्य कण परस्परक्रियेने बांधले गेले की एकेकट्या कणात न दिसणारे गुण समूहात प्रकटतात, हा या अभ्यासाचा खरा गाभा आहे.

केंब्रिजमधील घनावस्था सिद्धांताच्या गटाचे नाव फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइन यांनी १९६७ मध्ये बदलून त्यात ‘संघनित द्रव्य’ ही संज्ञा आणली. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या १९४७ मध्ये स्थापन झालेल्या घनावस्था विभागानेही १९७८ मध्ये हेच नाव घेतले. द्रवस्फटिक, बहुवारिके (लांब साखळ्यांचे रेणू), कलिले (दुसऱ्या पदार्थात विखुरलेले सूक्ष्म कण) हे ‘मृदू’ पदार्थही आता या छत्राखाली येतात. काच तर, तिच्यात अणूंची नियमित मांडणी नसल्याने, घन असूनही स्फटिकाधारित जुन्या मांडणीत नेहमीच अवघडून बसलेली होती. तरीही विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत जुने नाव टिकून आहे आणि ते गैर नाही, कारण नियमित जालक हेच या विषयाचे सर्वांत सुबोध प्रवेशद्वार आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या क्षेत्रात दीर्घकाळ काम झाले आहे. यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगांतील अतिसंवाहकतेचा शोध तेथे १९९४ च्या सुमारास लागला. शुद्ध बिस्मथ सामान्य दाबाखाली निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.५३ मिलिकेल्व्हिनला अतिसंवाहक होतो, हेही तेथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मुक्त इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात की प्रचलित सिद्धांताने त्याचे स्पष्टीकरण देणे कठीण जाते.