हवामानबदलाची कारणे आणि कार्बन धोरण : ग्रामीण विदर्भातील वाद

उष्णता धरून ठेवणारे वायू हवेत का वाढले आणि ते घटवण्याचा भार कोणी उचलायचा, या दोन प्रश्नांवरचे मतभेद. पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा न्यायाचा. विदर्भात दोन्ही एकाच शिवारात भेटतात. पश्चिमेकडे कापूस, सोयाबीन, तुरीची कोरडवाहू शेती. पूर्वेकडे धान आणि जंगल. आणि वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडच्या जमिनीखाली कोळसा. तो येथेच निघतो, बराचसा चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा येथील औष्णिक केंद्रांत येथेच जळतो, आणि त्याच आभाळाखाली शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो.

पाण्याचा नेम राहिला नाही, यावर गावात दुमत नाही. कारण मात्र प्रत्येकाचे वेगळे. जंगल तुटले म्हणून पाऊस गेला, असे कोणी म्हणतो. कोणी खाणी आणि कारखान्यांकडे बोट दाखवतो. ओझोनच्या थराला भोक पडल्याचेही ऐकू येते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीचे भाकीत आजही अनेक जण ऐकतात. जंगलतोडीचा मुद्दा अर्धा खरा आहे: झाडे तुटली की साठलेला कार्बन हवेत जातो आणि स्थानिक ओलावाही घटतो. ओझोनचा प्रश्न मात्र वेगळा. तापमानवाढीचे ते मुख्य कारण नव्हे. ‘हवामान पूर्वीही बदलत होते’ हा आक्षेप शिकलेल्यांत अधिक ऐकू येतो. ते खरेच आहे, पण त्यावरून आजचा बदलही आपोआप होतो आहे असे ठरत नाही.

कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले आणि तो वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वांते अर्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता; आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. औद्योगिक युगापूर्वी तो सुमारे २८० होता.

हा वाढीव वायू इंधनातूनच आला, याचा पुरावा वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या ढेकळात हाती घेऊन पाहता येतो. सजीवांच्या शरीरात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो आणि मृत्यूनंतर दर ५,७३० वर्षांनी सुमारे निम्मा होतो. येथला कोळसा गोंडवन काळातील, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. असा कोळसा जळून त्याचा धूर हवेत मिसळला की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण विरळ व्हायला हवे, आणि तसे ते झाल्याचे हान्स झ्यूस यांनी १९५० च्या दशकात जुन्या-नव्या लाकडाच्या तुलनेतून दाखवले. सूर्य तापला म्हणावे, तर १९७० च्या दशकाअखेरपासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजत आहेत. तीत चढता कल नाही. शिवाय खालचे वातावरण तापत असताना वरचा थर थंड होतो आहे. सूर्य कारण असता तर दोन्ही तापले असते. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसी या हवामानबदल अभ्यासमंडळाने २०२१ च्या अहवालात मानवी हस्तक्षेप निःसंदिग्ध असल्याचे म्हटले. कारणाचा वाद येथे संपतो.

परिणामांबाबत मात्र सावधपणे बोलायला हवे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले, आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. लांबलेला खंड आणि मग एका रात्रीत शेत खरडून नेणारा पाऊस, हा कास्तकाराचा अनुभव याच्याशी जुळतो. पण २०१७ च्या बोंडअळीचा, कापसाच्या पडलेल्या भावाचा आणि सावकाराच्या व्याजाचा सगळा दोष हवामानाच्या माथी मारला, तर ज्यांनी उत्तर द्यायचे ते सुटतात.

न्यायाचा वाद अजून जिवंत आहे. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये जगण्यापुरते उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत फरक करायला हवा, असे मांडले. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. हाच फरक देशाच्या आतही लावायला हवा. २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर केंद्र पूर्ण क्षमतेने तासभर चालले तर सुमारे २९ लाख युनिट वीज तयार होते आणि युनिटमागे साधारण एक किलो धरला तर २,९०० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ही वीज राज्यभर जाते. राख आणि धूळ जवळच्या गावांच्या कपाशीवर बसते.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे सोडायचे तेवढेच शोषून घ्यायचे) उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. त्याआधी २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला होता. तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झालेली ही आकारणी २०१७ मध्ये राज्यांची महसुली तूट भरून काढणाऱ्या जीएसटी भरपाई उपकरात वळवली गेली. खाणपट्ट्यातल्या माणसाने यावर रागवायला हवे.

२०२३ मध्ये कार्बन क्रेडिट, म्हणजे घटवलेल्या उत्सर्जनाचे विकता येणारे प्रमाणपत्र, यांच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाल्यापासून शेतीच्या कार्बनलाही भाव मिळेल, अशी चर्चा गावांत पोचली. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की उपटलेल्या पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) ढीग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पेटवले जातात. पऱ्हाटीतला कार्बन याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, म्हणून ती जाळणे कोळसा जाळण्यासारखे नव्हे. तरी काजळी होते आणि जमिनीला मिळू शकणारे सेंद्रिय द्रव्य जाते. औष्णिक केंद्रांनी कोळशात शेतीचा काडीकचरा गोळ्यांच्या रूपात मिसळावा, असे केंद्राचे धोरण आहे. ते नीट राबले तर पऱ्हाटीला गिऱ्हाईक मिळेल. क्रेडिटमध्ये मात्र मोठी खोट आहे: ते बदलासाठी मिळते. ज्याने पऱ्हाटी कधीच पेटवली नाही, शेणखत टाकत राहिला, त्याला काहीच नाही. ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याची जमीन करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो, आणि दोन-चार एकरांच्या मोजणीचा खर्च मिळकतीहून जड जाऊ शकतो.

सौर पंप हा धोरणाचा सर्वांत कमी वादाचा भाग, कारण त्याचा फायदा लगेच दिसतो. रात्रीच्या विजेवर ओलित करणे म्हणजे अंधारात साप आणि रानडुक्कर यांच्यामधून बारे देणे. दिवसा पाणी देता येणे हीच मोठी सुटका आहे. उत्सर्जन घटते हे पुढचे. विहिरीला पाणीच नसेल तर मात्र पॅनेल काय करणार, हा प्रश्न उरतो.

कोळसा बंद करा म्हणणाऱ्यांना खाणपट्ट्यात विरोध होतो, तो पोटापाण्यासाठी. कंत्राटी मजूर, ट्रकचालक, कॅन्टीनवाले यांचे नाव वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी खाण कंपनीच्या) कायम हजेरीपटावर नसते, त्यामुळे खाण बंद झाल्यावर भरपाईच्या यादीतही ते येत नाहीत. खाणबाधितांसाठी २०१५ मध्ये खाणधारकांच्या पैशातून चालणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली; तिचा पैसा या लोकांच्या नव्या रोजगारावर आणि खणलेली जमीन पुन्हा कसण्याजोगी करण्यावर प्राधान्याने खर्च व्हायला हवा, आणि तो कोठे जातो हे बाधित गावांच्या ग्रामसभांपुढे दरवर्षी मांडले जायला हवे.