क्लायंट साहेब होतो तेव्हा: ‘नोकरी’ आणि ‘काम’ यांतली रेघ कशी आखली गेली

फ्रीलान्सरचा करार सुरुवातीला सुटसुटीत असतो: अमुक काम, अमुक रक्कम, बिल दिल्यावर पैसे. सहा महिन्यांत त्यात एकेक गोष्ट चिकटत जाते. रोज सकाळी साडेनऊच्या कॉलला हजेरी, कंपनीचा ईमेल आयडी, गळ्यात आयडी कार्ड, गावी जायचं तर ‘लीव्ह अप्रूव्हल’. करारावर मात्र ‘स्वतंत्र कन्सल्टंट’ हेच लिहिलेलं राहतं. तसं लिहिलंय म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असं दोन्ही बाजूंना वाटतं. भारतातल्या न्यायालयांनी हा समज फार पूर्वीच मोडीत काढला आहे, आणि त्याची सुरुवात मिठागरात झाली.

त्याआधी इथे इंग्रजी कायद्यातून आलेली कसोटी चालत होती. काय करायचं एवढंच सांगितलं जात असेल तर तो कंत्राटदार, कसं करायचं तेही सांगितलं जात असेल तर तो नोकर. घरगड्याला आणि गिरणीतल्या माणसाला ही कसोटी बरोबर लागू पडते. पण ज्याचं कसब मालकापेक्षा जास्त, त्याला ‘कसं’ हे मालक सांगणार तरी काय?

सौराष्ट्रातल्या कुडा इथे, कच्छच्या लहान रणात, ध्रांगध्रा केमिकल वर्क्सची मिठागरं होती. जमिनीचे पट्टे पाडून ते अगरियांना, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांना दिले जात. हंगामाच्या सुरुवातीला दर पट्ट्यामागे ४०० रुपये उचल आणि तयार मिठाला मणामागे ५ आणे ६ पै. हजेरीपट नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, रजेचे नियम नाहीत. अगरिया आपल्या कुटुंबासह राबायचा, गरज पडली तर स्वतःच्या पैशाने माणसं लावायचा. आजच्या भाषेत हा पक्का फ्रीलान्सर. तरीही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये अगरियांना कामगार ठरवलं, कारण प्रत्यक्ष काम कसं चाले ते न्यायालयाने टप्प्याटप्प्याने तपासलं. विहिरीतल्या खाऱ्या पाण्याची घनता कंपनीचा अधिकारी तपासणार. कुंडीचा तळ त्याने पास केल्यावरच त्यात पाणी सोडायचं. मिठाचे खडे धरले की पुन्हा तपासणी, नापसंत माल घ्यायचा नाही. देखरेख प्रत्येक पायरीवर होती. मदतीला माणसं लावण्याची मुभा असली तरी अगरिया स्वतः राबत होता, म्हणून त्या मुभेने त्याचं कामगारपण पुसलं गेलं नाही. कामाच्या स्वरूपाला साजेशी देखरेख किती, हा प्रश्न तिथून पुढे कळीचा झाला.

मग विड्यांचे खटले आले. सागरच्या कारखान्याला बाहेरून विड्या वळवून आणून देणारे सट्टेदार १९५८ मध्ये स्वतंत्र कंत्राटदार ठरले. नागपूरच्या बिर्धीचंद शर्मा प्रकरणात डिसेंबर १९६० मध्ये उलटं झालं. तिथले कामगार नगावर मजुरी घेत आणि त्यांच्या येण्या-जाण्यावर फारसं बंधन नव्हतं. पण काम कारखान्यातच बसून करायचं, दुपारनंतर आलेल्याला काम मिळणार नाही आणि खराब विडी बाजूला काढली जाणार. एवढं नियंत्रण पुरलं. पुढच्याच वर्षी शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात न्यायालयाने बहुमताने विडी वळणाऱ्याला ‘कामगार’ मानलं नाही, कारण यायचंच असं बंधन नव्हतं आणि वाटेल तेव्हा उठून जाता येत होतं. न्या. सुब्बा राव यांनी विरोधी मत नोंदवलं. काम तेच, मजुरीची पद्धत तीच, आणि निकाल दोन टोकांचे. हा गोंधळ सोडवायला संसदेला १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा करावा लागला आणि घरी बसून विडी वळणाऱ्यालाही संरक्षण मिळालं.

सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या १९७३ च्या निकालाने कसोटी आणखी पसरली. शिंप्यांना नगावर पैसे मिळत आणि ते दुसऱ्या दुकानाचंही काम घेत. पण मशीन दुकानाची, बसायची जागा दुकानाची, आणि शिवण पटली नाही तर कपडा परत शिवायला लावायचा हक्क दुकानदाराचा. शिंपी दुकानाचे नोकर ठरले. नियंत्रण हा एकच निकष पुरेसा नाही, सगळी परिस्थिती एकत्र तोलायची, हे इथे ठाम झालं. दोन क्लायंट असले की आपण सुटलो, असं मानणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

हे सगळे खटले कष्टकऱ्याला संरक्षण मिळावं म्हणून लढले गेले, आणि तसंच व्हायला हवं होतं. ज्याला स्वतंत्र राहायचं आहे त्याला हीच कसोटी उलट्या बाजूने वाचावी लागते. त्यासाठी डॉक्टरांची प्रकरणं जास्त जवळची आहेत. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या कन्सल्टंट डॉक्टरांचं मानधन म्हणजे पगारच, असं प्राप्तिकर खात्याचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. या डॉक्टरांना भविष्य निर्वाह निधी नव्हता, निवृत्तीचे लाभ नव्हते आणि ठरल्या वेळेबाहेर खासगी प्रॅक्टिसची मोकळीक होती. ठरावीक रकमेची हमी मिळत असली तरी तेवढ्याने नोकरी सिद्ध होत नाही. २०२० मध्ये सुशीलाबेन गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवसारीच्या नेत्ररुग्णालयातल्या मानद शल्यविशारदालाही स्वतंत्र ठरवलं. त्याच निकालात एक इशाराही आहे: प्रश्न कामगार कल्याणाच्या कायद्याखाली आला, तर पारडं नोकरीच्या बाजूने झुकू शकतं.

आता पुन्हा साडेनऊच्या कॉलकडे. कॉलला बसणं वाईट नाही. तो कॉल ‘हजेरी’ म्हणून मोजला जाणं वाईट. करारात तासांऐवजी काम लिहावं: चार लेख, एक मॉड्यूल, दोन फेऱ्यांपर्यंत दुरुस्ती, त्यापुढे वेगळे पैसे. महिन्याचं रिटेनर (दरमहा ठरावीक रक्कम) घ्यायचं असेल तर बिलात त्या महिन्यात काय दिलं ते नमूद करावं, नाहीतर एकाच तारखेची एकसारखी बारा बिलं पगारपत्रकासारखी दिसतात. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर आपलं असावं. सुट्टीसाठी परवानगी मागू नये. ‘१२ ते १६ तारखेला उपलब्ध नाही, काम ११ ला देतो’ असं कळवावं. एचआरच्या पोर्टलवर नाव चढवायला नम्रपणे नकार द्यावा. ‘आमच्याशिवाय कुणाचं काम करायचं नाही’ हे कलम काढून त्याजागी फक्त गोपनीयतेचं कलम ठेवावं.

कराच्या कागदांवरही ही रेघ उमटते. व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि जुन्या प्राप्तिकर कायद्यात त्याचा फॉर्म १६ए मिळत असे. पगारदाराला फॉर्म १६ मिळत असे. (१ एप्रिल २०२६ पासून नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले, भेद तोच राहिला.) नोकराने मालकाला दिलेल्या सेवेवर जीएसटी नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला मात्र सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. आपली फी पगार ठरली तर क्लायंटच्या मागे कमी कापलेला कर आणि त्यावरचं व्याज लागतं, आणि आपल्याला व्यवसायाचा खर्च वजा करता येत नाही. त्यामुळे ही रेघ नीट राखण्यात क्लायंटचाही फायदा आहे. वाटाघाटीत हे स्पष्ट सांगावं, समोरचा ऐकतो.

स्वतंत्र राहण्याचे हक्कही मोठे आहेत आणि ते फार कमी जण वापरतात. उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पगार थकलेल्या नोकराला या कायद्याचा उपयोग नाही.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत लिहिलेल्या मजकुराच्या हक्काचा पहिला धनी साधारणपणे नोकरी देणाराच असतो. स्वतंत्रपणे लिहिलेला लेख किंवा प्रोग्रॅम मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत आपलाच राहतो. पैसे घेऊन काढून दिलेला फोटो आणि रंगवून दिलेलं चित्र हे अपवाद आहेत, तिथे वेगळं ठरलं नसेल तर हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘सर्व हक्क क्लायंटचे’ या ओळीपुढे ‘पूर्ण रक्कम मिळाल्यानंतर’ हे तीन शब्द जोडून मगच सही करावी.