साथीच्या काळातले कायदे आणि नैतिक प्रश्न

मोठी साथ आली की सरकारला लोकांच्या हिंडण्याफिरण्यावर, दुकानांवर, लग्नकार्यांवर बंधनं घालायचे जादा अधिकार मिळतात. ते कुठवर वापरायचे आणि आजारी माणसाचा मान कसा राखायचा, हा यातला मुख्य प्रश्न.

आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे साथरोग कायदा, १८९७. मुंबईत १८९६ ला प्लेग आला त्यातून तो घाईघाईत झाला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा, सरकार काय काय करू शकतं, आदेश मोडला तर शिक्षा काय आणि चांगल्या हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही एवढं त्यात आहे, पण पेशंटच्या हक्काबद्दल एक ओळ नाही, आणि मला तरी हीच त्याची सगळ्यात मोठी उणीव वाटते. १८९७ लाच पुण्यात घराघरात शिरून झालेल्या झडत्यांनी लोक किती चिडले होते ते प्लेगचा अधिकारी रँड याच्या खुनावरून कळतंच. २०२० ला दुरुस्ती झाली ती डॉक्टर-नर्स आणि आशाताईंवर हल्ला करणाऱ्यांसाठी, त्यात ५ वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत असेल तर ७ वर्षांपर्यंत कैद आहे. ही दुरुस्ती गरजेचीच होती. लॉकडाऊन मात्र मुख्यतः आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली लागला.

कोल्हापूर जिल्ह्यात हे सगळं गावच्या वेशीवर दिसलं. २०२० ला ग्रामसमित्या नेमल्या, मुंबई-पुण्याहून आलेल्यांना गावच्या शाळेत १४ दिवस ठेवायचे, काही ठिकाणी रस्त्यावर काट्या टाकून गावबंदी. गाव वाचवायची धडपड खरी होती, पण आपल्याच पोराला वेशीवर अडवायचं? पॉझिटिव्ह आलेल्याचं नाव व्हॉट्सॲपवर फिरलं की त्या घरची दूधवाल्यानंसुद्धा वाट सोडली, अशानं लोक टेस्ट करायलाच घाबरायचे आणि साथ आणखी लपून पसरायची. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला होता, आणि डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय घरावर कोविडचे पोस्टर लावू नयेत.

बेड आणि बिलाचा प्रश्न वेगळाच. मे २०२० मध्ये राज्यानं खाजगी हॉस्पिटलचे ८० टक्के बेड ताब्यात घेऊन दर ठरवून दिले, साध्या वॉर्डाला दिवसाला ४०००, आयसीयूला ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. पण बेड एक आणि पेशंट दोन असले तर आधी कोणाला, हे कुठलाच दर सांगत नाही, ते ड्युटीवरच्या डॉक्टरला रात्री तीन वाजता एकट्यानं ठरवावं लागतं. म्हणून असे निकष आधी लिहून, लोकांना सांगून ठेवले पाहिजेत.

लशीबाबत २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं कुणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही असं म्हटलं, पण सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालता येतात हेही मान्य केलं.

जुलै २०२१ ला कोविड चालू असतानाच पंचगंगेला पूर आला. आंबेवाडी-चिखलीसारख्या गावातली माणसं घराबाहेर काढायची तर छावणीत गर्दी होणार, नाही काढली तर पाण्यात राहणार. तिथं अंतराचा नियम बाजूला ठेवून आधी माणसं पाण्याबाहेर काढणं हेच बरोबर होतं, मग टेस्ट आणि वेगळी खोली.