अस्थिमज्जेतली पकड : हायलुरोनन, सीडी४४ आणि रक्ताचा कर्करोग

हायलुरोनन या शरीरातल्या लांबलचक शर्करा-रेणूला बराच काळ भरावाच्या मालापलीकडे कुणी किंमत दिली नाही. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईगुरांच्या डोळ्यातल्या जेलीतून हा रेणू वेगळा काढला. त्याची रचना उलगडायला पुढची वीसेक वर्षं गेली. उलगडली तेव्हा ती अगदीच साधी निघाली: दोन शर्करांची एक जोडी, तीच हजारो वेळा एकापुढे एक. त्याला ना फाटे, ना सजावट. सांध्यात वंगण, त्वचेत ओलावा, एवढंच त्याचं काम मानलं गेलं. अशा रेणूचा ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाशी, संबंध असेल, अशी शंकाही येण्याचं कारण नव्हतं.

संबंध जुळला तो या रेणूला धरणाऱ्या प्रथिनांमुळे. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन १९८० च्या दशकात वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये वेगवेगळ्या नावांनी वावरत होतं. पुढे ती सगळी नावं सीडी४४ या एका नावाखाली आली. हे प्रथिन हायलुरोननचा मुख्य रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारा पेशीवरचा भाग, आहे, हे १९९० मध्ये पक्कं झालं. त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या पॉल किंकेड यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या, रक्तपेशी घडवणाऱ्या गाभ्यात) सीडी४४ला अडवणारी अँटीबॉडी टाकली, तर नव्या लिम्फोसाइट तयार होणंच थांबलं. रक्तपेशी घडायच्या तर त्यांना मज्जेत कशाला तरी धरून राहावं लागतं, आणि त्या पकडीत सीडी४४चा हात आहे, हे त्यातून दिसलं. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथे होते. पुढच्याच वर्षी जर्मनीत कार्ल्सरुहेच्या संशोधकांनी दाखवलं की सीडी४४ची एक वेगळी आवृत्ती मिळाली, तर उंदरांमधल्या एरवी न पसरणाऱ्या गाठीच्या पेशीही पसरू लागतात. कर्करोगतज्ज्ञांचं लक्ष वेधलं गेलं ते या निष्कर्षाने.

रक्ताच्या कर्करोगात मात्र प्रश्न पसरण्याचा कमी आणि टिकण्याचा जास्त असतो. केमोथेरपीने रक्त स्वच्छ दिसू लागतं आणि काही महिन्यांनी आजार उलटतो. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं होतं की अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, रोग नव्याने उभा करण्याची ताकद मोजक्याच पेशींत असते. त्यांना ल्युकेमियाच्या मूळपेशी म्हणतात. त्या मज्जेच्या कोनाड्यांत दडून राहतात. तिथून त्यांना हुसकायचं कसं?

२००६ साली 'नेचर मेडिसिन'च्या एकाच अंकात याची दोन उत्तरं आली. डिक यांच्या गटाने माणसाच्या एएमएल पेशी उंदरांत रुजवल्या आणि मग सीडी४४विरोधी अँटीबॉडी दिली. ल्युकेमिया घटला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या उंदरांची मज्जा दुसऱ्या उंदरांना दिली, तर तिथे ल्युकेमिया उभाच राहिला नाही. दुसरं काम अमेरिकेतलं, एका बिघडलेल्या जनुकाने होणाऱ्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या उंदरांतल्या प्रतिकृतीवरचं. सीडी४४ नसलेल्या ल्युकेमिया पेशी शिरेतून सोडल्या, तर त्यांना मज्जेपर्यंतची वाट सापडेना. त्याच पेशी थेट मांडीच्या हाडात टोचल्या, तेव्हा त्या बऱ्याच अंशी रुजल्या! म्हणजे पेशींत जोर होता, त्यांना फक्त घरी पोचता येत नव्हतं. निरोगी मूळपेशींचं सीडी४४वाचून फारसं अडलं नाही. मात्र त्याच बिघडलेल्या जनुकाने होणाऱ्या बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियाचंही अडलं नाही. एका ल्युकेमियाचा नियम दुसऱ्याला लावू नये, तो यासाठी.

मल्टिपल मायलोमात, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या मज्जेतल्या पेशींच्या कर्करोगात, कथा वेगळ्या वाटेने गेली. कॅनडात एडमंटन इथे लिंडा पिलार्स्की यांच्या गटाने धरणाऱ्या प्रथिनांबरोबर हायलुरोनन विणणाऱ्या प्रथिनांकडेही पाहिलं. अशी तीन एन्झाइमं १९९६-९७ मध्ये हाती लागली होती. त्यातल्या पहिल्याच्या, म्हणजे एचएएस१च्या, जनुकाच्या संदेशाच्या चुकीच्या कापणी-जोडणीतून तयार झालेल्या आवृत्त्या मायलोमाच्या रुग्णांत सापडल्या आणि २००५ मध्ये त्यांचा संबंध कमी जगण्याशी लागला. रॅम हे हायलुरोननला चिकटणारं आणखी एक प्रथिन. ते पेशीच्या आतही असतं आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढणाऱ्या यंत्रणेत काम करतं. मायलोमात तेही वाढलेलं आढळलं. जर्मनीत उल्म इथल्या गटाने रॅमच्या एका तुकड्याची लस करून एएमएल आणि मायलोमाच्या रुग्णांत पहिल्या टप्प्याची चाचणीही घेतली. प्रतिकारशक्ती जागी झाली, पण त्यातून रुळलेला उपचार काही उभा राहिला नाही.

सीडी४४विरोधी औषधांचंही तसंच झालं. एएमएलच्या रुग्णांना अशी अँटीबॉडी देऊन पाहिली गेली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध सोसवत होतं, पण गुण तुरळकच दिसला. सीडी४४ शरीरात जवळपास सगळीकडे आहे, हीच खरी अडचण. व्ही६ ही त्याची आवृत्ती त्वचेच्या पेशींवरही असते. तिला लक्ष्य करून विष पोचवणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत, घशा-तोंडाच्या कर्करोगाचा एक रुग्ण त्वचेच्या भीषण प्रतिक्रियेने दगावला आणि ते औषध गुंडाळावं लागलं. मिलानच्या संशोधकांनी २०१३ मध्ये याच व्ही६वर कार-टी पेशी, म्हणजे ठरावीक लक्ष्य ओळखायला जनुकीय बदल केलेल्या प्रतिकारपेशी, सोडल्या. उंदरांत एएमएल आणि मायलोमा दोन्ही हटले. त्वचेच्या पेशी वाचल्या, पण मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी मारल्या गेल्या. गरज पडल्यास या कार-टी पेशींनाच संपवता यावं म्हणून त्यांच्यात आधीच आत्मघातकी जनुक घालून ठेवलं होतं. ही काळजी अनाठायी नव्हती.

मायलोमाच्या रुग्णापर्यंत हायलुरोननचं शास्त्र प्रत्यक्षात पोचलं ते भलत्याच दाराने. १९२८ मध्ये फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स यांनी वृषणाच्या अर्कात एक 'पसरवणारा घटक' पाहिला होता. टोचलेला पदार्थ त्याच्यामुळे त्वचेत झपाट्याने पसरायचा. तो हायलुरोनन तोडणारं एन्झाइम आहे, हे १९४०च्या सुमारास कळलं. शुक्राणूंवरच्या अशाच एका मानवी एन्झाइमाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत आता डॅराटुम्युमॅब या मायलोमाच्या औषधाबरोबर त्वचेखाली टोचतात. अमेरिकेत या जोडीला २०२० मध्ये मंजुरी मिळाली. कर्करोगाच्या पेशींना ते एन्झाइम हातही लावत नाही. ते त्वचेखालचं हायलुरोनन थोड्या वेळापुरतं सैल करतं, त्यामुळे शिरेतून द्यायला कित्येक तास लागणारं औषध तीन ते पाच मिनिटांत देऊन होतं.