जर्मनीतले शिक्षण फुकट, राहणे नव्हे

‘जर्मनीत शिक्षण फुकट, विमानाचे तिकीट काढले की झाले’ हा वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांमध्येही रुजलेला समज निम्माच खरा आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.

खरा भार राहण्याचा आहे. व्हिसासाठी बहुतेक विद्यार्थी वर्षाचे ११,९०४ युरो एका रोखून ठेवलेल्या खात्यात आधीच भरतात. ही फी नव्हे, मुलांचाच पैसा. तिथे पोहोचून चालू खाते उघडले की त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात आणि घरभाडे, आरोग्यविमा, किराणा सारे त्यातच बसवावे लागते. सगळी रक्कम एकदम काढता येत नाही, म्हणून खोलीची अनामत पालकांनी कृपा करून वेगळी बाजूला ठेवावी.