रबरी अंडरकोटिंग एकदा मारलं की पिकअप कायमची गंजमुक्त?

नाही. गाडीच्या तळाला मारलेलं हे काळं रबरी कोटिंग कालांतराने कडक होतं, खडी उडून त्याला चिरा पडतात आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी आत शिरून तिथेच अडकतं. वरून तळ काळाभोर दिसतो. स्क्रूड्रायव्हरने टोचलं की कोटिंगसकट गंजाचे पापुद्रे हातात येतात. याच कामाला वापरलं जाणारं मॅग्नेशियम क्लोराईड हे मीठ तर हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे मिठाचा थर सहसा वाळतच नाही.

दर हिवाळ्याआधी तळ धुवा, पूर्ण वाळू द्या, मग न सुकणारं लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) किंवा तेलकट कोटिंग फवारा. चॅसिसच्या पोकळीत लांब नळीला ३६० अंशांचं नोझल लावूनच फवारा, कारण खरा गंज आतून सुरू होतो! निचऱ्याची भोकं आधी तारेने मोकळी करा. फवारताना ब्रेक आणि सायलेन्सर मात्र झाकून ठेवायलाच हवेत.